भरितावरून कड्यावर भांडण

धुळ्याजवळच्या कड्यावर आम्ही चढाईवाले रविवारी जमतो आणि दिवसभर खाण्याबद्दलच बोलतो. एकदा माझी दोरी धरायला झुपकेदार मिशांचा एक अनोळखी गृहस्थ होता, सतत बडीशेप चघळणारा. मी अर्ध्या कड्यावर अडकलो, घाबरून कपारीला चिकटून बसलो. हा खालून निवांतपणे म्हणाला, "भाऊ, भरीतनं वांगं गॅसवरच भाजेल चांगलं लागस."

"जळगावच्या माणसाला हे सांगता?" मी खवळलो. "कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, पऱ्हाट्यांवर भाजलं नाही, तर ते भरीतच नाही!"

तो हटेना, मीही हटेना. भांडता भांडता मी माथ्यावर पोचलो.

खाली उतरल्यावर त्याने माझ्यापुढे डबा उघडला. भरिताला पऱ्हाट्यांच्या धुराचा खमंग वास होता. म्हणजे हासुद्धा वांगं पऱ्हाट्यांवरच भाजत होता!

"वर घाबराले टाइम भेटना का, भाऊ?" त्याने विचारलं.