सरळ क्षितिज, वाकडा बांध

मंडळी, आज माझ्या फोटोच्या दुकानात दोन शेजाऱ्यांची मारामारी होता होता राहिली, म्हणून लगेच लिहितोय.

झरीच्या नारायणरावांना आपल्या शेताचा फोटो हवा होता. मी वाइड अँगल लेन्स लावली आणि क्षितिज बरोबर मधोमध घेतलं. केसभरही वाकडं नाही! ही विद्या मला कुणी शिकवलेली नाही.

पण ही लेन्स कडेच्या रेषा बाहेर फुगवते. खालच्या कडेचा बांध फोटोत थेट शेजारच्या किसनरावांच्या रानात शिरलेला दिसला. फोटो बघायला तेही सोबत दुकानात आले होते.

किसनराव कडाडले, "निजाम गेला, पण तुमचं बांध कोरणं गेलं न्हाई! हा फोटो तहसीलीतच दावतो."

"अहो, बांध सरळच आहे, लेन्स फुगवते," मी सांगून थकलो.

शेवटी त्याच वेळी घेतलेला, पण मीच नापसंत केलेला दुसरा फोटो खणातून बाहेर काढला. त्यात बांध मधोमध, म्हणून सरळ. वर क्षितिज मात्र टेकडीसारखं फुगलेलं.

दोघंही खूश! नारायणराव म्हणाले, "हाच लय बेस हाय. मागं तुमचं नाव टाका."

मी म्हटलं, शाई संपली.

आता दोघं मिळून बाजारातून दौत घेऊन आलेत आणि माझ्यासमोर बसलेत. सांगा मंडळी, टाकू का नाव?