उशाच्या भिंतीवरचा टीव्ही

आबांना आम्ही आमच्या घरी आणलं तेव्हा त्यांनी स्वतःहून एकच गोष्ट मागितली.

"तुमचा टीव्ही बारका हाय, बाई. मोठा आण. लई मोठा."

माझे वडील काही मागणाऱ्यातले नव्हते. नेसरीजवळच्या आमच्या गावात ते दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घ्यायचे. सगळं गाव किटल्या घेऊन त्यांच्यासमोर रांगेत उभं राहायचं आणि त्यांचा आवाज ओढ्यापलीकडं ऐकू जायचा. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. पोरीला गडहिंग्लजला वसतिगृहात ठेवली म्हणून भावकीनं नावं ठेवली, तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "तुमच्यात ऱ्हात्या का ती?" मी आज कोल्हापुरात एका हायस्कुलात शिकवते ते त्यांच्या त्या एका वाक्यामुळं. अशा माणसानं आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं, तर ते चांगल्यातलं चांगलं आणायचं असं मी ठरवलं.

दुखणं पोटातलं होतं. डॉक्टरांनी मला आणि माझ्या नवऱ्याला बाहेर बोलावून सांगितलं होतं, आता घरीच ठेवा, त्रास होणार नाही एवढं बघू. आबांना आम्ही काही सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. पुढच्या खोलीत त्यांची खाट टाकली. आई त्यांच्याजवळ खाली अंथरूण घालून झोपायची.

टीव्ही आणायला मी आणि नवरा राजारामपुरीत गेलो. दुकानात भिंतभर टीव्ही लावलेले होते आणि सगळ्यांवर एकच चित्र चाललं होतं, निळ्या पाण्यातले मासे. दुकानदार मोठ्या आवाजाचा, बोलका माणूस होता.

"ताई, ह्यो पंचावन्न इंची बघा. मॅच लावली की खेळाडू घरात आल्यागत वाटतंय!"

मी बाजूला जाऊन मान वाकडी केली आणि तिरकं बघितलं. आबा डाव्या कुशीवर झोपायचे. तिथून माशांचे रंग फिके, धुतल्यासारखे दिसत होते.

"मान धरलीया व्हय ताई?" तो हसला.

"झोपून बघणारं माणूस आहे. आजारी आहेत."

त्याचं हसू थांबलं. मग त्यानं अगदी मनापासून मदत केली. खुर्ची ओढून दिली, "मान मागं टाकून बघा," म्हणाला आणि एकेक टीव्ही लावून दाखवला. शेवटी त्रेचाळीस इंची एक फुल एचडी मला पसंत पडला. कुठूनही बघा, रंग उडत नव्हते. माशाचा खवला न् खवला दिसत होता.

"आबांनी मोठा सांगितलाय," नवरा म्हणाला.

"मोठा म्हणजे नीट दिसणारा. चित्र चांगलं नको का?"

खाली झुकवता येणारा स्टँडही घेतला. दुसऱ्या दिवशी फिटिंगवाला आला. आबा न्हाणीत होते तेवढ्यात मी त्यांच्या खाटेवर आडवी झाले आणि समोरच्या भिंतीवर टीव्ही नेमका किती झुकवायचा ते झोपूनच सांगितलं.

आबांनी बघितलं. "झ्याक हाय," म्हणाले आणि डोळे मिटले. पुढचे काही दिवस मी कुस्ती लावली, भजन लावलं, शेतीचे कार्यक्रम लावले. ते बघायचे नाहीत. मन उडालं असेल असं समजून मी शाळेत जाताना टीव्ही बंद करून जायला लागले.

मग गावाकडची माणसं यायला लागली. आमच्यात आजारी माणसाला बघायला जावंच लागतं. जो जात नाही त्याला लोक पुढं वर्षानुवर्षं ऐकवतात. वडापच्या जीपा भरून माणसं यायची, मोसंबी, शहाळी, बिस्किटांचे पुडे घेऊन. खुर्च्या टीव्हीखालच्या भिंतीला लावलेल्या होत्या. त्यामुळं सगळ्यांची पाठ टीव्हीकडं आणि तोंड आबांकडं. दोन शब्द बोलून झाले की ते नुसते बघत बसायचे.

आजऱ्याची आत्या, आबांची थोरली बहीण, दारातच थबकली. "काय रं ही दशा झाली तुजी! दारात मावत न्हवतास की रं!" म्हणाली आणि तिनं पदर तोंडात धरला.

उन्हाळा होता, तरी आबांनी चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर ते म्हणाले, "बाई, ह्यो टीव्ही तिथनं काढ. माज्या उशाच्या भिंतीला लाव. हितं, डोक्यावर."

"मग तुम्हाला कसा दिसणार, आबा?"

"मला कुटं बघायचाय? येनाऱ्यांस्नी दिसू दे की."

मला कळेना. ते आढ्याकडं बघत सावकाश बोलायला लागले.

"मी काय कमी जनांस्नी बघून आलोय? सांजचं दूध झालं की निघायचो. माणसाचं गाल बघायचं, हात बघायचं. आनि येताना वडापात बसलं की म्हनायचं, ह्यो काय आता महिना काढत न्हाई. सगळी म्हनत्यात. मीबी म्हनलंय. माज्यावर बोलू देत, त्येला काय न्हाई. पर त्यांचं ते बघनं सोसंना बघ."

आई भाजी निवडत होती. तिचा हात थांबला. "म्हनून मोठा पायजे हुता व्हय?"

"मग! खोली भरून टीव्ही लागला तर माज्याकडं कोन बघतंय? ही मास्तरीन चित्र बघत बसली."

आई हसली. आबाही हसले, पण त्यांना पोट धरावं लागलं.

फिटिंगवाल्याला परत बोलावलं. "पेशंटच्या डोक्यावर? चुकून सांगताय काय बघा, ताई," तो दोनदा म्हणाला. मी उशाच्या भिंतीवर बोट ठेवून जागा दाखवली. त्यानं नवी भोकं पाडली. जुन्या जागी चुन्याचे पांढरे ठिपके राहिले.

त्यानंतर आबांचं म्हणणं खरं ठरलं. माणूस आत आला, कसं काय म्हणाला, खुर्चीत टेकला की नजर वर जायची. आत्या पुन्हा आली ती रडायच्या तयारीनंच. पण मालिका चालू होती. थोड्या वेळानं तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ही थोरली जाऊ लई कपटी हाय बघ!"

"तू का पेटतीस? तुजी जाऊ हाय व्हय ती?" खालून आबा म्हणाले, आणि सगळी खोली हसली.

टीव्हीखाली पडल्या पडल्या आबा बघणाऱ्यांची तोंडं बघायचे. टीव्हीचा उजेड माणसांच्या तोंडावर पडून निळा-तांबडा होत राहायचा. क्रिकेट असलं की पाहुण्यांकडं बघूनच ते सांगायचे, "विकेट पडली वाटतं." ते दिवस त्यांना बरे गेले असं मला वाटतं. तसं वाटून घ्यायला मला बरं वाटतं, असंही असेल.

पण चादर काही खाली आली नाही. आम्हालाही ते अंग बघू द्यायचे नाहीत. आई ऊन पाण्याची बादली ठेवायची, ते दार लोटून घ्यायला लावायचे आणि खाटेवर बसून स्वतःच ओल्या फडक्यानं अंग पुसायचे. मग एक दिवस दारापलीकडं तांब्या पडल्याचा आवाज आला. त्यानंतर दोन दिवस त्यांनी अंग पुसायला पाणी मागितलंच नाही.

तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा घरात पाहुणे नव्हते. टीव्ही मात्र चालू होता.

"बंद कर ते," आबा म्हणाले. मी बंद केला. खोली एकदम शांत झाली.

"कोन हाय?"

"कोणी नाही, आबा. मी आणि आई."

"पानी आन. पिळाय येईना मला. तूच पूस."

मी बादली आणली. त्यांनी स्वतःच्या हातानं चादर खाली लोटली. मी जे बघितलं ते इथं सगळं लिहीत नाही. दुधाचा भरलेला कॅन एका हातानं उचलणारा दंड माझ्या मुठीत मावत होता, एवढंच लिहिते. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मी मान वळवली नाही.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. गावाकडचे होते, पायऱ्यांवरूनच त्यांचे मोठे आवाज येत होते. माझ्या आईनं जन्मात कधी दारात आलेल्या माणसाला बाहेर उभं केलं नव्हतं. तिनं दार बोटभर उघडलं.

"जरा थांबा पावणं. जिन्यात बसा. आंगूळ चाललीया त्येंची."

"बसतो की वैनी. सावकाश हू दे."

मी फडकं ऊन पाण्यात बुडवून पिळलं आणि पाठीपासून सुरुवात केली. पाहुणे जिन्यात बराच वेळ बसून होते. मी घाई केली नाही.