सासूबाईंनी माईक ज्वारीत लपवला

मैत्रिणींनो, विम्याचं काम आज परत अडकलं. खरंच थकले.

मी वाटूरला घरूनच पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. धान्याच्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगल्यात, मधे माईक आणि लॅपटॉप. मागच्या महिन्यात व्होल्टेज वाढून शेजारचा टीव्ही जळाला, तेव्हापासून माझ्या जिवाला घोर आहे.

घराच्या विम्यात कामाचं सामान बसत न्हाई. म्हणून धंद्याचा वेगळा विमा मागितला, तर कंपनीनं इथं खरंच काम चालतं का ते बघायला माणूस पाठवला. नेमकी मी दळण आणायला गेल्ते.

परत आले तर तो ओसरीवर चहा पिऊन राह्यला. सासूबाई सांगत होत्या, "कायचा धंदा? सून घरीच असती. काही करत न्हाई."

खोलीत बघितलं तर गोधड्या घडी घालून ठेवलेल्या, माईक गायब.

"आत्या, माईक कुठंय?" मी सासूबाईंना विचारलं.

"ज्वारीच्या कोठीत," त्या कानात म्हणाल्या. "त्याच्या हातात फाइल हाय. लाइटीचं मीटर धंद्याचं करून जाईल, बिल वाढंल, मंग?"

मी माईक काढून, पुसून त्याच्यापुढं ठेवला. तो म्हणाला, "ताई, घरचेच न्हाई म्हणतात, मी काय लिहू?" आणि गेला.

आत्यांवर चिडायचंही त्राण न्हाई. माझं रेकॉर्डिंग चालू असलं की चार वर्षांपासून आत्याच दाराबाहेर बसून कोंबड्या हाकलतात, आल्या-गेल्याला गप्प करतात. काम चालू आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत न्हाई.

तरी कुणी विचारलं की, सून घरीच असती.

तुमच्या घरचे काय सांगतात?