अजून कॉलेजात असलेला आतेभाऊ

आमच्या अख्ख्या वसई तालुक्यात माझ्या आतेभावाइतका शिकलेला माणूस नाही, आणि शिक्षणाचा काडीचाही उपयोग न केलेला असा दुसरा माणूस सबंध पालघर जिल्ह्यात सापडायचा नाही. हे मी जळून बोलतो असं माझी बायको म्हणते. बरोबर आहे तिचं. मी जळतोच. लहानपणी आम्ही दोघं एकाच बावखलाच्या पाण्यात डुंबलो, एकाच मास्तरांच्या छड्या खाल्ल्या आणि पाठोपाठच्या वर्षी बारावी पास झालो. त्यानंतर तो कॉलेजात गेला तो अजून बाहेर आलेला नाही, आणि मी गास गावातल्या आमच्या वाडीत सोनचाफ्याच्या झाडाखाली जाऊन उभा राहिलो तो अजून तिथेच आहे. आत्याकडे वाडी नव्हती, म्हणून तिच्या मुलाला शिकायची मोकळीक. आमच्याकडे वाडी होती, म्हणून मला नाही. वडिलांचं म्हणणं एवढंच होतं की चाफ्याची फुलं पहाटे तोडावी लागतात, ती काही कोणाचं लेक्चर संपेपर्यंत कळी होऊन थांबत नाहीत.

आतेभावाच्या डिग्र्या मोजायचं मी कधीच सोडून दिलं. बी.ए. झाला, एम.ए. झाला, मग विषय बदलून पुन्हा एम.ए. झाला. कायदा शिकला, पण कोर्टाची पायरी चढला नाही. पत्रकारिता शिकला, पण घरी पेपर वहिनीच आधी वाचते. मध्येच एकदा त्याने मत्स्यव्यवसायाची कसलीशी पदविका आणली. ज्या माणसाला बोंबील आणि मांदेली शेजारी ठेवली तर ओळखता येत नाहीत, त्याची ही पदविका! नोकरी म्हणाल तर वसईतल्या एका कचेरीत कारकून. आलेल्या टपालावर शिक्का मारायचा आणि जाणाऱ्या टपालावर शिक्का मारायचा. ते काम मीसुद्धा केलं असतं, आणि शिक्का सरळ मारला असता. पण कचेरीतले साहेबसुद्धा त्याला 'सर' म्हणतात आणि मला टेम्पोवाला 'ओ चाफा' म्हणून हाक मारतो.

पन्नाशी उलटली तरी हा दरवर्षी परीक्षेला बसतो. परीक्षेच्या दिवशी वहिनी त्याच्या हातावर दही घालते. तो डोळे मिटून दही खातो, देवाला नमस्कार करतो, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक जादा पेन लावतो आणि माझ्या आईच्या पाया पडायला मुद्दाम वाकडी वाट करून आमच्याकडे येतो. माझी आई त्याच्या तोंडावरून हात फिरवते, "हुशार गं बाई माझा भाचा," म्हणते आणि माझ्याकडे वळून म्हणते, "बघ, शीक जरा त्याच्याकडून." आता काय बोलायचं? शिकायला पाठवायच्या वेळी पाठवलं नाही आणि आता त्याच्याकडून शीक! निकाल लागला की तो पेढे घेऊन येतो. ते पेढे मला फार आवडतात, म्हणून आणखीच राग येतो.

बोलणं त्याचं सगळं प्रश्नपत्रिकेतलं. आमच्या घरात आम्ही आमच्या बोलीतच बोलतो, हा मात्र छापील बोलतो. साधं "ऊन काय पडलंय!" म्हटलं तरी हा आधी प्रस्तावना करणार, मग मुद्दे मांडणार आणि समारोपापर्यंत पोचायच्या आत ऊन उतरणार. जगात त्याच्या लेखी दोनच गोष्टी आहेत, कंपल्सरी आणि ऑप्शनल. पंगतीला बसला की वाढप्याला सांगतो, "वालाची उसळ कंपल्सरी, भात ऑप्शनल." वहिनीच्या माहेरची माणसं तो ऑप्शनला टाकतो. आमचे थोरले काका गेले तेव्हा सगळे सुन्न बसलेले, आणि हा माझ्या खांद्यावर हात ठेवून गंभीरपणे म्हणाला, "मामांनी पेपर पूर्ण सोडवला. एकही प्रश्न सोडला नाही." मला हसू यावं की रडू, कळेना. पण खोटं कशाला बोलू, त्या दिवसभरात ऐकलेलं तेवढं एकच वाक्य माझ्या लक्षात राहिलं. कळंबची मासेवाली आमच्या आळीत येते, तिला एकदा त्याने पापलेटाबद्दल विचारलं, "ताजेपणाची लक्षणं थोडक्यात सांगा." ती टोपली उचलत म्हणाली, "सर, घेयाचा तर घ्या, नायतर पानी सुटतंय मावऱ्याला. पेपर घरी जाऊन लिवा." मला त्या बाईच्या उत्तराचा इतका आनंद झाला की मी तिच्याकडून गरज नसताना दोन वाटे घेतले.

पण माझ्या पोटदुखीचं मूळ वेगळंच आहे. आमची दोघांची लग्नं एकाच मोसमात झाली. आपल्याकडे पत्रिकेत नवऱ्याच्या नावापुढे कंस टाकून शिक्षण छापतात. त्याच्या पत्रिकेत त्या कंसाने दोन ओळी खाल्ल्या, नाव बिचारं कोपऱ्यात गेलं, नाकापेक्षा मोती जड. वहिनीच्या आजोबांनी ती पत्रिका चष्मा पुसून पुसून वाचली आणि विचारलं, "सामुदायिक विवाह आहे का? एवढे नवरे कुठले?" माझ्या पत्रिकेच्या वेळी छापखानेवाल्याने वडिलांना विचारलं, "कंसात काय टाकू?" वडील घाईत होते. "शिक्षण बारावी, धंदा वाडी," ते म्हणाले. त्या भल्या माणसाने छापलं, 'बारावी वाडी'. झालं! वसईत वाड्या काय कमी आहेत? सासरच्या लोकांनी ते माझ्या गावाचं नाव धरलं. लग्नाला येणारी दोन बिऱ्हाडं नालासोपाऱ्यात रिक्षावाल्यांना बारावी वाडी विचारत फिरली आणि पंगती उठल्यावर पोचली. बायकोची एक मावशी तर अजून माझी ओळख करून देते, "हे आमचे बारावीवाडीचे जावई." मी आधी दुरुस्त करायचो. मग ऐकून घ्यायला लागलो. पत्ता चुकीचा असला तरी माणूस तिथेच राहतो ना!

म्हणून आमची मुलगी निधी बारावी झाली तेव्हा मी मनात पक्कं केलं की आपल्या घरातला एक तरी कंस नीट भरायचा. तर ही पोरगी म्हणते, "पप्पा, कॉलेज कशाला? राजोडीच्या रिसॉर्टवाल्यांकडून डेकोरेशनची कामं येतायत. फुलं घरची, हात माझे. तीन वर्षं बाकावर बसून मी काय करू?" पोरीचे हात खरंच चांगले. चाफ्याच्या वेण्या अशा करते की लग्नातल्या बायका नवरीकडे बघायच्या आधी वेणीकडे बघतात. पण म्हणून काय? मी तिला समजावलं. नोकरी लागेल म्हटलं, चांगलं स्थळ येईल म्हटलं, चारचौघांत मान मिळेल म्हटलं. पालथ्या घड्यावर पाणी! "शेजारच्या बिल्डिंगमधला बी.कॉम. पार्सल वाटतो, पप्पा," ती म्हणाली. "आणि त्याला मान पण कोणी देत नाही. बेल वाजवली की कुत्रा सोडतात." प्रवेशाची मुदत संपत आली. माझी झोप उडाली. शेवटी नाइलाज झाला आणि ज्याच्यावर आयुष्यभर जळलो त्यालाच फोन केला. म्हटलं, ये आणि माझ्या पोरीला शिक्षणाचं महत्त्व सांग. पूर्ण मार्कांचं उत्तर दे, प्रस्तावनेसकट.

तो रविवारी आला. तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण दाबून जेवला, बायकोला दहापैकी नऊ मार्क दिले आणि झोपाळ्यावर बसला. निधी समोर जमिनीवर बसून गजरा ओवत होती. काकावर तिचा पहिल्यापासून भारी जीव. मला जे सांगत नाही ते त्याला सांगते, आणि हे मला फार झोंबतं. मी खुर्ची ओढून ऐकायला बसलो. तो घसा खाकरतोय तोच निधीने विचारलं, "काका, खरं सांगा हं. एवढं शिकलात, काय मिळालं तुम्हाला?"

मला वाटलं, आता सुटला घोडा. पण त्याने झोपाळा थांबवला. प्रस्तावना केली नाही, मुद्दे मांडले नाहीत.

"माहीत नाही गं," तो म्हणाला. "माहीत असतं तर पहिल्याच डिग्रीला थांबलो असतो ना."

"अरे!" मी ओरडलो. "तुला बोलावलं कशाला आणि तू बोलतोस काय!"

"थांब रे जरा. निधी, मला एवढंच कळतं की वर्गात बसलं की कोणीतरी फळ्यावर असं काहीतरी लिहितं जे मला काल येत नव्हतं. त्या वेळी मला बरं वाटतं. पुढे त्याचं काय होतं ते मला विचारू नकोस. पुढे माझं तरी काहीच झालं नाही. शिक्केच मारतोय."

मी कपाळाला हात लावला. साक्षीदार माझा आणि फितूर झाला भर झोपाळ्यावर! निधीचे हात थांबले होते. तिने काकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "पप्पा, कॉलेजला तुम्हालाच जायचं होतं ना?"

"कोण म्हणतं?" मी म्हटलं.

"सगळी आळी म्हणते," आतून बायको म्हणाली.

मी उठून तांब्याभर पाणी प्यालो. निधीने गजऱ्याला गाठ मारली. "जाते मी," ती म्हणाली. "पण ऑर्डरी सोडणार नाही. आणि नाही आवडलं तर तुमच्यासाठी बसणार नाही." आता बघा हं. मी दोन महिने घसा कोरडा केला, मान, नोकरी, स्थळ सगळं पुढ्यात मांडलं, तर बाई हलली नाही. हा म्हणाला पुढे काही होत नाही, तर निघाली! त्या रात्री मला कोलंबी पचली नाही.

प्रवेशाच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. स्कूटर लावून येईपर्यंत निधी आणि तिची आई आत गेल्या, आणि मला गेटवर अडवलं. "काका, एक स्टुडंट, एक पालक," वॉचमन म्हणाला. "रूल आहे. तुम्ही बाहेर थांबा." मी गेटच्या गजांतून आत बघत उभा राहिलो. पोरंपोरी येत होती, गळ्यातलं कार्ड दाखवत होती, आत जात होती. इतक्यात मागून आतेभाऊ आला. दूरशिक्षणाचं केंद्र त्याच कॉलेजात, आणि याला या वर्षी म्हणे संस्कृत घ्यायचं होतं. वॉचमनने त्याला चक्क सलाम ठोकला. आतेभाऊ दोन पावलं आत गेला, थबकला, परत आला आणि माझा दंड धरून म्हणाला, "हे माझ्याबरोबर आहेत. मी विद्यार्थी, हे माझे पालक."

वॉचमनने त्याच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "सर, हे तर तुमच्याहून लहान दिसतात."

"लहान आहेत," आतेभाऊ म्हणाला, "पण जबाबदार आहेत."

अशा रीतीने, वयाच्या या टप्प्यावर, मी कॉलेजात गेलो. मला वाटलं होतं तो आता मला सगळं कॉलेज दाखवत हिंडवेल आणि माझं डोकं खाईल. पण त्याने जिन्यावरून मला वर नेलं, एक रिकामा वर्ग उघडला, "बस इथे, मी फॉर्म भरून येतो," म्हणाला आणि गेला. मी तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसलो. गुडघे बाकाखाली मावेनात. बाकावर कोणी कोणी नावं कोरली होती, बदाम कोरले होते. फळ्यावर आदल्या दिवशीचं कसलंसं अर्धं समीकरण राहिलं होतं, त्यातलं मला अक्षरसुद्धा कळलं नाही. लोक म्हणतात दुरून डोंगर साजरे, जवळ गेलं की हौस फिटते. मलाही वाटलं होतं, एकदा आत येऊन बघितलं की इतक्या वर्षांचं जळणं थांबेल. थांबलं नाही हो. वाढलं. आतेभावाचं मला त्या क्षणी काही वाटलं नाही. त्याच्या डिग्र्या त्याला लखलाभ. पण उद्यापासून इथे, कदाचित याच बाकावर, माझी मुलगी बसणार होती, आणि मला तिचा हेवा वाटला, पोटच्या पोरीचा. आणि त्याच क्षणी इतकं बरं वाटलं की मी तसाच बसून राहिलो.

काही वेळाने निधी मला शोधत वर आली. दारात उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पप्पा, झालं माझं. चला."

"हो," मी म्हणालो. "तू हो पुढे. मी जरा बसतो."