चौथी पट्टी
द्वारका चौकात ग्रिलच्या दुकानासमोर वेल्डिंगचा जळका वास आला की मला सिन्नरच्या कारखान्यातली एक सकाळ आठवते. मी तेव्हा दहावीत होते. पप्पांना तिथे वेल्डरचं काम मिळालं नसतं तर आम्ही सगळे बिहारला परतणार होतो, आणि माझी शाळा सुटणार होती. अर्ज मराठीत भरायचा म्हणून मी सोबत गेले. आडनाव वाचून कारकून म्हणाला, "बाहेरची माणसं नकोत, असं वरून सांगितलंय." मागे उभे असलेले म्हातारे फोरमन म्हणाले, "ट्रायल तर घेऊ. लोखंड काय आडनाव विचारतंय?" कामासाठी आलेल्या चौघांनी दोन-दोन तुकडे वेल्ड करून एकेक पट्टी जोडली, तिच्यावर खडूने नंबर टाकला. फोरमननी प्रत्येक पट्टी व्हाइसच्या लोखंडी पकडीत धरून घणाने वाकवली. दोन जोड तुटले, एकाला चीर गेली. चौथी पट्टी नुसतीच वाकली, जोड तसाच राहिला. "ही कोणाची?" पप्पा बोलेनात, तोंड उघडलं की हिंदी येईल, ही भीती. शेवटी मीच म्हणाले, "आमच्या पप्पांची." फोरमन कारकुनाकडे वळले, "नाव लिही. वर काय सांगायचं ते मी बघतो." परतताना प्रवासी जीपमध्ये बसल्याबसल्या पप्पा झोपले आणि घोरायला लागले. लोक हसले, मला लाज वाटली. आता कॉलेजात आल्यावर कळतं, त्याआधी कित्येक दिवस ते असे झोपलेच नव्हते.