गिनिपिगांची हजेरी

आमच्या कॉलेजातले पिंजरेवाले मामा घेत तितकी कडक हजेरी साऱ्या गोंदिया जिल्ह्यात कुठला हेडमास्तर घेत नसेल. आणि मामांचे विद्यार्थी होते गिनिपिग. सकाळी कुडव्याहून सायकल हाणत येत, हात धूत आणि एकेका पिंजऱ्यापुढे उभे राहून चुटकी वाजवत. कान हलला तर हजर, नाही तर गैरहजर. तसं वहीत लिहिल्याशिवाय कोणाला चारा नाही. हजेरीच्या वेळी प्राचार्य आले तर मामा बोट वर करून त्यांनाच गप्प करत. ती वही मी कधी उघडूनही पाहिली नव्हती. उन्हाळ्यात अकरा नवे गिनिपिग आले तेव्हा मी सगळे एकाच खोलीत ठेवायला सांगितलं. मामा हो म्हणाले आणि नव्यांना मागच्या खोलीत नेऊन मोकळे झाले. मी दोनदा रागावले. त्यांनी दोनदा मान डोलावली, पिंजरे काही हलवले नाहीत.

ही २००७ची गोष्ट. एका औषधाने बहिरेपण येतं का, यावर माझी पीएच.डी. चालली होती. काहींना औषध, काहींना नुसतं मिठाचं पाणी; नवे अकराही दोन्हींत वाटलेले. आणि एका आठवड्यात पाण्यावरचेही बहिरे निघू लागले. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, एखादा विषाणू आतल्या कानात मुकाट झोपून असतो, जनावराला उन्हाचा, प्रवासाचा त्रास झाला की उठतो. तो सगळ्यांत पसरला असेल तर तीन वर्षांचं काम गेलं. मी पिंजऱ्यांपाशी जाऊन रडत बसले.

मामांनी वही पुढे केली. "काऊन रडून राहिल्या मॅडम? पाण्यावरचे जुने तं सारे हाजर आहेत. गैरहाजर ते मागच्या खोलीतले. नवा बैल आल्याबरोबर जुन्या जोडीजवळ कोणी बांधते का?"

तपासणीत विषाणू निघाला तो फक्त त्या अकरांत. जुने सगळे निर्मळ, माझं काम शाबूत. इतकं हलकं मला पदवी घेतानाही वाटलं नाही. आनंदात मी फुलचूरच्या घरून सगळ्यांसाठी पेढे आणले.

नियमाप्रमाणे त्या अकरांना मात्र मारावं लागणार होतं. मी पेढे घेऊन गेले त्याच सकाळी मामा एकेकाला मांडीवर घेऊन सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, काडी खाऊ घालत होते आणि आज काय होणार ते समजावून सांगत होते. मी म्हटलं, मामा, त्यांना ऐकू येत नाही.

"म्हणूनच तं सांगून राहिलो," मामा म्हणाले. "ऐकू येत असतं तं माह्यानं सांगणं झालं असतं का?"

मी पेढ्यांचा डबा खाली ठेवला आणि त्यांच्याजवळ बसले.