शेजारचं काज

काल बारावीच्या वर्गात पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, “सर, बटणं.” खाली पाहिलं, तर शर्टाचं प्रत्येक बटण शेजारच्या काजात. वर्ग हसला नाही. महिन्यापूर्वी माझी बायको गेली, हे त्यांना ठाऊक होतं. हसले असते तर बरं झालं असतं.

आणि मी शिकवत काय होतो, तर प्रथिनं बनताना होणाऱ्या चुका एन्झाइम कसं दुरुस्त करतं. दोन अमिनो आम्लं इतकी सारखी दिसतात, की कधीतरी भलतंच जोडलं जातं. मग तेच एन्झाइम त्याला आपल्याच अंगावरच्या दुसऱ्या खाचेत नेऊन तपासतं आणि तोडून टाकतं.

आमच्या घरची दुसरी खाच दारात होती. “थांबा,” ती म्हणायची. “म्हणे शास्त्राचे मास्तर. बटणं बघा आधी.” मग स्वतःच सोडून पुन्हा लावायची. उलटा बनियन, दोन रंगांचे मोजे, सगळ्यांत मी तिथेच पकडला गेलोय. कॉलेजात मात्र नीटनेटका म्हणून माझं नाव.

फळ्याकडे तोंड करून बटणं लावली, धडा संपवला. रडू वगैरे आलं नाही.

आज सकाळी निघताना दारात थांबलो. रोजच थांबतो. बटणं तपासायचं मात्र सुचत नाही.